तिसरी आवृत्ती

लोकांना बरोबर काही नकोच असतं, नुसतं चालणारं हवं असतं — तुम्हाला नाही म्हणत मी, बसा ना, ती खुर्ची डुगडुगते, भिंतीला टेकवा म्हणजे झालं. ड्रायव्हरदादा, तुम्हीही या आत. नको? बरं. तर तुमच्या रक्ततपासणीच्या लॅबमधला प्रोग्राम सकाळपासून बंद — जुना संगणक जळला, नव्यावर मी बनवलेल्या प्रोग्रामिंगच्या भाषेची पाचवी आवृत्ती घातलीत, आणि ती तुमची एक ओळ वाचेना. वाचणारच नाही! तुमचं सगळं तिसरीत लिहिलेलं. तिसरीत रिकाम्या जागेला शून्य धरायची मुभा होती — म्हणजे तपासणी झालीच नाही तरी पेशंटची साखर शून्य! चालेल? मला नाही चाललं. काढून टाकलं. सहा वर्षं हेच करतोय, मॅडम — नोकरी सोडली, ताईच्या घरातली ही खोली अडवून बसलो, जेवताना भावजी विचारतात, ‘काय भाषाप्रभू, आज कुणाचा बळी?’ — हसायचं आणि घास गिळायचा. पण मला अशी भाषा हवी होती, की तिच्यात काहीही लिहा, खेळ लिहा, यंत्रं चालवा — चूक लिहिताच येणार नाही. सुरुवातीला चाळीसजण वापरत होते. दर आवृत्तीला गळत गेले. चौथीला माझा मित्रही गेला, पहिल्या दिवसापासूनचा — म्हणाला, ‘तू भाषा करत नाहीयेस, सोवळं पाळतोयस.’ आज उरलं कोण? तुमची लॅब. एकुलती एक.

हो, हो, कळलं — तिसरी हवी, दोन दिवसांपुरती, रिपोर्ट खोळंबलेत. दिली असती हो, लगेच दिली असती, पण… असं बघा, लोक चौथीवर येईनात. जुनं हाताशी असलं की नवं शिकतो कोण? परतीचे दोर कापायला हवे होते, कापले. वेबसाइटवरून काढली. मग वाटलं, स्वतःला तरी मोह कशाला — इथूनही पुसली. मित्राकडे एक प्रत होती, त्यालाही पुसायला लावली. जाताजाता तेवढं मात्र ऐकलं त्यानं. तुमच्या जळक्या संगणकात असेल! — भंगारात दिला? कधी? — बरं. बरं. मी परत लिहीन ना! आठ महिने — सहा — रात्रंदिवस बसलो तर चार — अहो, उठू नका, शिव्या तरी द्या —

दारातल्या ड्रायव्हरनं मोबाइल खिशात टाकला. “चला मॅडम. तिकडं लॅबमध्ये रिपोर्ट हातानं वहीत लिहायला घेतलेत त्यांनी.”