थर्माकोलची तोफ

कशेळ्याच्या स्टॉपवर माझ्या मागच्या बाकावर नवरा-बायको बोलत होते.

"अवो, आपले बैल शूटिंगवाल्यांनी परत का धाडले? टीवीत दिसतील म्हणून मी गावभर सांगून बसलेय."

"तोफेच्या गाड्याला जुंपले गं, पण तोफ थर्माकोलची. मानेवर जू पडलं तसे पळाले, थेट शत्रूच्या छावणीत."

"मग?"

"सायेब म्हणाला, बैलांना वजन वाटलं पायजे. मग गाड्यामागं आपल्या गावातल्या जितेशचा टेंपो बांधला."

"दिसला नाय तो?"

"झाडपाल्यानं झाकला की. बैलांनी फेस येईस्तोवर ओढला."

"म्हंजे जमलं."

"जमलं. पण पडद्यावर बघितलं, तर तोफेमागनं डोंगर चालत येतोय."

"म्हणून हाकलले?"

"नाय गं. सायबाला डोंगर आवडला. उद्यापासून नुसता टेंपो बोलावलाय."