अनुपमाताईंची नवी नोकरी

मोताळ्याहून बुलढाण्याला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघी बसल्या होत्या.

"बाई, तुमचा आवाज ओळखीचा वाटते मले. तुम्ही रेडिओवरच्या अनुपमाताई त नाही?"

"हो, मीच ती. पण रेडिओ सोडून चार वर्षं झाली, मावशी."

"काऊन सोडला? आम्ही कापूस येचता येचता तुम्हालेच ऐकत होतो."

"आमचं केंद्रच बंद पडलं. मग चाळिशीत पुन्हा कॉलेजात गेले. आता अडखळत बोलणाऱ्या मुलांना बोलायला शिकवते."

"म्हंजे दिसभर तुम्हीच बोलत असान!"

"उलट, मी गप्प बसते आणि मुलं बोलतात. काल पूनमनं सगळ्या शाळेसमोर स्वतःचं नाव न अडखळता सांगितलं."

"अरे वा! मंग तुम्ही काय म्हनलं तिले?"

"काय म्हणणार? मी नुसती हसत उभी होते. तोंडून शब्दच फुटेना."