भिंतीवरचे बिस्किटवाले

— नाही नाही, बूट आधी काढा, पेंटरसाहेब! लाकडी जमीन आहे ही, प्राचार्यांनासुद्धा मी बूट घालून चढू देत नाही. हं. आता ही भिंत तुमची आणि हा फोटो. पंचवीस वर्षं झाली ना आपल्या क्रीडा संकुलाला, म्हणून ज्यांचं नाव दारावर आहे त्या बिस्किटवाल्या शेठजींचं चित्र काढायचं, पार छतापर्यंत. — काय? हडकुळे दिसतात? अहो, बिस्किटांचा कारखाना होता म्हणून माणसानं स्वतःच खात बसायचं? साधी राहणी! — सदऱ्यावर पांढरं? ते... मैदा असेल. जातीनं लक्ष घालायचे ना. — आणि गळ्यात शिट्टी? ती कामगारांना बोलवायला! किती चौकशा हो, आधी पोलिसात होतात का?

— काय म्हणालात? कारखान्याची पाटी तुम्ही रंगवली होती? म्हणजे शेठजींना तुम्ही... समोरासमोर? अगं बाई. — बसा. पाणी देऊ? पंखा लावते, थांबा.

हे बघा, चूक माझी नाही, फोटोवाल्याची. शेठजींनी पैसे पाठवले आणि इमारत व्हायच्या आत वारले, मागे मूल ना बाळ, इथं कुणी त्यांना बघितलेलंच नाही. उद्घाटन झाल्यावर तेव्हाच्या प्राचार्यांनी कुठूनसा एक फोटो मिळवला, पाकीटही न उघडता मला म्हणाले, मोठा करून आण. आमचे बाबाही नुकतेच गेले होते — तर म्हटलं, एकाच खेपेत त्यांचाही करून घेऊ. त्या शहाण्यानं मोठ्या चौकटीत बसवले बाबा आणि लहानीत शेठजी! वर कागद गुंडाळलेला, मला काय कळणार — बरं, कोपरा फाटला होता. दिसलं मला. तिथंच, दुकानात दिसलं! झालं समाधान? नाही बोलले मी. तीस वर्षं बाबांनी या मैदानावर चुन्याची फक्की मारली, उन्हातान्हात, दोरी न लावता सरळ रेघ — सदऱ्यावर तीच आहे — आणि उद्घाटनाच्या दिवशी खुर्च्या भाड्यानं देणाऱ्याचेसुद्धा आभार मानले, बाबांचं नावही नाही. राग आला मला. अजून येतो. म्हटलं, नाव शेठजींचं आहे ना दारावर, मग चेहरा राहू दे आमचा. ओळखलाही नाही कुणी.

— शेठजी? आमच्या घरी आहेत, मजेत. आईला धड दिसत नाही, रोज काच पुसते आणि म्हणते, तुझे बाबा वर जाऊन अंगानं भरले हो, इथं कधी पोटभर जेवले नाहीत. तिला काय सांगू?

आता तुम्ही एक शब्द बोललात की फोटो खाली आणि मी घरी. नोकरीचं जाऊ दे, बघेन मी. पण बाबांना तेवढं उतरवू नका हो. — बोला ना काहीतरी! — नाही, नको, गप्प बसा, सर येतायत. या सर, या! हो, कामाला लागलेत ते... — लागलात? खरंच चढलात? — बूट सर, बूट! — आणि तुम्ही शिडीवरून वळून वळून माझ्याकडे काय बघताय? हो, नाक तेच आहे. भिंतीकडे बघा आणि काढा मुकाट्यानं.