कुठे अडलात?

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या धुलाई कारखान्याचे व्यवस्थापक साहेब, व्यासपीठावर बसलेले बाईंचे यजमान आणि कन्या, धुलाई, बॉयलर, इस्त्री आणि घडी या सर्व विभागांतले माझे सहकारी, आणि जिथे बसवलं तिथे अवघडून बसलेल्या आपल्या मास्तरीणबाई, सर्वांना मनापासून नमस्कार.

मी कॉम्प्युटर विभागातला. आमच्या हाती माईक देऊ नये, कारण तो चालू आहे का हेच आम्ही तपासत बसतो. आहे ना चालू? बरं.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. इथे हॉस्पिटलांच्या चादरी धुतल्या जातात. कोणती मशीन कशी सुरू करायची, कशी थांबवायची, मळक्या चादरींची कोणती पिशवी हातमोज्यांशिवाय उघडायची नाही, या सूचनांचं इथलं प्रत्येक पान बाईंनी लिहिलंय. आणि आमची रीत काय? पान अर्धवट वाचायचं, अडायचं आणि पार्टिशनवरून डोकं काढून ओरडायचं, "बाई!" बाई चष्मा कपाळावर सरकवत उठायच्या आणि थेट मशीनपाशी येऊन उभ्या राहायच्या. "हं, दाखव, कुठे अडलास?" बसल्या जागेवरून त्यांनी कधी कोणाला उत्तर दिलंय? मला तरी आठवत नाही.

निवृत्ती जवळ आली तसा बाईंना घोर लागला. मला म्हणाल्या, "अरे, मी गेल्यावर हे लोक ओरडतील कोणाच्या नावाने? पानांत काय उणं आहे ते मला आत्ताच कळायला हवं. काहीतरी कर." म्हणून मी एक ॲप बनवलं. पान फोनवर उघडायचं, वाचून झालं की खालच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. प्रश्न काय असावा यासाठी रीतसर समिती बसली, चहा झाला, पुन्हा चहा झाला आणि प्रश्न ठरला, "हे पान आवडलं का?"

मंडळी, काय सांगू! ज्याला त्याला पाच तारे. बॉयलरकाकांनी लिहिलं, "फारच सुंदर. बाईंना उदंड आयुष्य लाभो." इस्त्रीवरच्या अक्कांनी लिहिलं, "खूप आवडलं. गुडघ्याला जपा." जी मशीन भंगारात गेली तिच्या पानालासुद्धा कोणीतरी पाच तारे देऊन टाकले! साहेबांनी कौतुकाने आलेख काढून भिंतीवर लावला. साहेब हसतायत, म्हणजे पुढे बोलायला हरकत नाही.

बाईंनी मात्र फोन टेबलावर आपटला. "हा काय माझा वाढदिवस आहे? काकांना बोलवा." काका हात पुसत आले.

"काका, वाफेचा व्हॉल्व्ह बंद करायचं पान वाचून तुम्हाला काही कळलं?"

काका म्हणाले, "खरं सांगू का बाई? नाही कळलं. पण तुम्ही चाललात आता. जाता जाता तुमचं मन कशाला दुखवायचं?"

 बाई म्हणाल्या, "काका, उद्या कोणी नवा माणूस ते पान वाचून हात भाजून घेईल, आणि मी इथे नसेन. माझं मन त्याने दुखेल."



तारे त्याच दिवशी काढून टाकले. नवा प्रश्न बाईंनीच दिला, मशीनपाशी विचारायच्या तोच, "कुठे अडलात?" वर एक अट घातली. अडलेल्याला फोनवर उत्तर टाकून मोकळं व्हायचं नाही. संध्याकाळच्या आत त्याच्याजवळ जाऊन उभं राहायचं, आणि मग पान दुरुस्त करायचं.

तरी कोणी तोंड उघडेना. शेवटी पहिली तक्रार बाईंनी स्वतःच्याच पानावर टाकली, "व्हॉल्व्ह फिरवा म्हणे! कोणत्या बाजूला, ते काय स्वप्नात दिसणार?" मग मात्र सगळ्यांना कंठ फुटला. अक्का म्हणाल्या, अक्षर मुंगीएवढं आहे. काकांनी तर मनात साठलेलं सगळं ओतलं. बाई ते मोठ्याने वाचायच्या, हसायच्या आणि पेन उचलायच्या. इतकं ऐकून घेऊन इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. यजमान मघाशी कानात सांगत होते, घरीसुद्धा त्या भाजी आवडली का असं विचारत नाहीत, काय बिघडलंय तेवढंच विचारतात.

फक्त एका पानावर आजवर कोणी काही लिहिलं नव्हतं. "नोकरीच्या शेवटच्या दिवशी काय करावे." तेही बाईंचंच. कपाटाची किल्ली द्या, ओळखपत्र द्या, टेबल रिकामं करा, मुख्य दाराने बाहेर पडा. आज सकाळी तिथे पहिली तक्रार आली. वाचतो, बाई, रागावू नका.

"किल्ली दिली. ओळखपत्र दिलं. टेबल आवरलं. दाराशी अडले."

खाली नाव बाईंचं.

बाई, अट तुमचीच आहे. याचं उत्तर मी फोनवर टाकलेलं नाही. इथून उठलो की आम्ही सगळे तुमच्याबरोबर त्या दारापर्यंत येणार आहोत आणि तुम्ही म्हणाल तितका वेळ तिथे उभे राहणार आहोत. घाई कोणालाच नाही.

आज मशिनी थांबवू दिल्याबद्दल साहेबांचे, बाईंना इतकी वर्षं आमच्या हवाली केल्याबद्दल त्यांच्या घरच्यांचे आणि शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि बाई, यापुढे कधीही, कुठेही अडलात तर नुसती हाक मारा. आता उठून यायची पाळी आमची.