मागची खोली

घरं बांधून द्यायच्या आमच्या धंद्यात लोक काम वाढवत नेतात. ठरतात दोन खोल्या आणि शेवटी माडी चढते. पण हातकणंगल्याचे एक रिटायर मास्तर भेटले, ते उलटेच! बायको गेल्यावर त्यांनी घर बांधायला काढलं. नकाशात चार खोल्या होत्या. पहिल्याच भेटीत म्हणाले, “पोरगा नोकरीच्या गावालाच राहतोय म्हणं. त्याची खोली काढा.” पुढच्या खेपेला लेकीची गेली, मग मागची, पै-पाहुण्यांची.

मी वैतागलो. “मास्तर, काय ते एकदाच ठरवा आणि लिहून द्या! सारखा नकाशा कोण बदलणार?”

त्यांनी लिहून दिलं. एकच खोली, त्यातच ओटा, बाजूला न्हाणी. कागदात सगळ्यात खाली लिहिलेलं, बेल मोठ्या आवाजाची.

“एवढ्याशा घराला मोठी बेल कशाला?”

“असू दे की. कुणी आलं तर मागं ऐकू याय पायजे.”

 बसवून दिली.

परवा मास्तरांकडं गेलतो, बेल दाबली. आतनं हाक आली, “आलो, आलो! मागच्या खोलीत हाय!”

 त्या घराला मागची खोलीच न्हाय. मीच खोडली की ती.