धक्क्यावर एका वायफाय पासवर चौघं

नाव : साक्षीदाराच्या विनंतीवरून वेगळ्या पाकिटात बंद. वय : ६३ वर्षे. धंदा : निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. राहणार : सध्या प्रवासात, धक्क्यासमोरचं लॉज, खोली नंबर सात.

मी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी यजमानांबरोबर मुलीकडे निघाले आहे. मुलगी तीन आठवड्यांपूर्वी बाळंत झाली. नात फोटोत पाहिली आहे, हलताना पाहिलेली नाही.

काल दुपारी दोनची बोट इंजिनात बिघाड झाल्यामुळे सहाला सुटेल, असं सांगण्यात आलं. धक्क्यावरच्या वेटिंग हॉलमध्ये मोबाइलला रेंज येत नाही, म्हणून मी खिडकीवरून वायफायचा पास घेतला. पास एकाच यंत्रासाठी असतो. तसं त्यावर छापलेलं आहे आणि मी ते चष्मा लावून वाचलं होतं. पास मी लॅपटॉपवर चालू केला आणि लॅपटॉपचा हॉटस्पॉट लावून माझा फोन आणि यजमानांचा टॅब जोडला. हे मला भाच्याने शिकवलं. वायफायवाल्यांचं काही म्हणणं असेल तर माझ्याशी बोलावं, त्या पोराला मध्ये ओढू नये.

समोरच्या बाकावर एक औषधांचा सेल्समन होता. त्याने मागितलं, त्याला दिलं. यजमान म्हणाले, "आता सगळ्या धक्क्यावर दवंडी पिटव." मी म्हटलं, "तुमचा बुद्धिबळाचा डाव चाललाय ना? मग गप्प खेळा."

साडेतीनच्या सुमारास तिशीची एक बाई दोन वर्षांचं मूल कडेवर घेऊन आली. एवढ्या उकाड्यात तिच्या अंगात लांब बाह्यांचा स्वेटर होता. म्हणाली, "काकू, पाच मिनिटं बहिणीशी बोलू का?" तिच्या फोनमध्ये सिम नव्हतं. सिम कोणाकडे आहे, हे मी विचारलं नाही. तिचा नवरा तेव्हा कँटीनमध्ये पत्ते खेळत होता, हे तिनेच सांगितलं. ती सारखी दाराकडे बघत होती. मी माझी खुर्ची दाराकडे तोंड करून घेतली आणि तिला म्हटलं, "दार मी बघते, तू बोल."

तिचा कॉल दोनदा तुटला. चौघांना मिळून नेट पुरत नव्हतं. त्याच वेळी माझ्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाली, "आई, बघ पटकन, डोळे उघडलेत गं!" मला नुसती टोपी दिसली आणि चित्र अडकलं.

मी तीस वर्षं बोर्डावर होते. तातडीचा कॉल आला की साधा कॉल सोडायचा, असा आमचा नियम. मुलीला म्हटलं, "नंतर करते गं," आणि फोन ठेवला. मग सेल्समनला काढलं, यजमानांनाही काढलं. यजमान जिंकत होते. तरी त्यांनी टॅब मिटून पिशवीत ठेवला.

ती बहिणीशी काय बोलली, असं मला तीनदा विचारण्यात आलं. ऑपरेटर लाइन जोडतो, ऐकत नाही. कानावर पडलंच तर विसरतो. मी चांगली ऑपरेटर होते.

साडेचारला ती मागच्या दाराने गेली. बाहेर गाडी होती का, कोणत्या रंगाची होती, हे मी पाहिलं नाही. मी लॅपटॉपकडे बघत होते. जोडलेल्या फोनांच्या यादीतून तिचं नाव गेलं, तेव्हा ती लांब गेली हे कळलं. मला फार बरं वाटलं. हे वाक्य जबाबात नको, असं साहेब म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या.

पावणेपाचला तिचा नवरा आला. मी त्याच्या बायकोला फूस लावली, अशी त्याची तक्रार आहे. त्याने मला एकच विचारलं, "तिला नेट कोणी दिलं?" मुलाचं नावसुद्धा काढलं नाही. मी म्हटलं, "मी दिलं." त्याने माझा लॅपटॉप फरशीवर आपटला. लॅपटॉपची तक्रार मी वेगळी देणार आहे. सहाची बोट गेली तेव्हा मी आणि यजमान इथे, या ठाण्याच्या बाकावर होतो. पुढची उद्या आहे.

ती बाई आता कुठे आहे, हे मला माहीत नाही. माहीत असतं तरी सांगितलं नसतं, हेही लिहून घ्यावं. ती सज्ञान आहे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात ती "मूल घेऊन पळून गेली" असं आलं होतं, ते मी खोडायला लावलं. ती पळाली नाही. तिने मुलाची पाण्याची बाटली भरली, त्याला टोपी घातली, माझा हात घट्ट दाबला आणि ती चालत गेली. एवढी दुरुस्ती केल्यावर बाकीचं सगळं मी सांगितलं तसंच उतरलं आहे, म्हणून खाली सही करते.