शेवटचा थांबा, म्हसोबा

सोजरबाई : व्हा बाजूला. सायकली घ्या तिकडं. माझा म्हसोबा कुठं हाय?

अनंत : अहो बाई, समोर आहे तो. आणि जरा थांबा, माझी माहिती चालू आहे. शनिवारवाड्यापासून विश्रांतवाडीपर्यंत ही मंडळी सायकल हाणत आली आहेत, ती या शेवटच्या थांब्यासाठी.

सोजरबाई : ह्यो? ह्यो तर नागडा दगड हाय. आमचा देव शेंदरानं मढलेला व्हता.

अनंत : मढलेला नव्हता, गाडलेला होता. हा वीरगळ आहे. गाई सोडवताना पडलेल्या वीराचा दगड. ह्या गाई बघा, हा घोडा बघा. शेकडो वर्षं कुणाला दिसला नव्हता. भर उन्हात बसून, गरम पाणी ओतून, ब्रश घासून मी तो मोकळा केलाय.

सोजरबाई : कुणाला इचारून?

अनंत : विचारायचं कुणाला? वर्षभर इथे पणती नाही, फूल नाही. पानाच्या पिंकांनी अभिषेक चालला होता, तेव्हा भक्तमंडळी कुठे होती?

सोजरबाई : मसणात व्हती. दर अवसेला माझा मच्छिंद्र यायचा तेल घालाया. ह्याच रस्त्यावर ट्रकखाली गेला. पोटचं पोर गेल्यावर कोण देवाला तेल घालतंय? मीच रुसले व्हते त्याच्यावर.

पद्मजा : सर, आपण जरा बाजूला बोलू या का? सगळे रेकॉर्ड करतायत.

अनंत : पद्मजा, तू ग्रुपकडे बघ. बाई, वाईट झालं. पण मला ते कळणार कसं?

सोजरबाई : तोंडानं इचारून. पलीकडं टपरीवाला हाय. त्यानं घर दावलं आसतं माझं. शनिवारवाडा कुणी बांधला ते तुमाला पाठ, अन् ह्या दगडाला तेल कोण घालतंय ते इचारायला जीभ झडली व्हती?

अनंत : भाषा सांभाळा. मी वाईट काही केलेलं नाही. शेंदूर काय, परत चढवता येईल.

सोजरबाई : चढवता येईल म्हणं. काय काढलंस ते तरी ठाव हाय का तुला? आमच्या घरात पोर झालं की म्हसोबाला नवा शेंदूर चढतो. वल्या शेंदरात पोराचा हात दाबायचा. मग पुढच्या पोराच्या येळंला त्याच्यावर दुसरा थर, दुसरा हात. माझ्या सासऱ्याचा हात त्यात, मालकाचा त्यात. माझ्या मच्छिंद्राचा बी. एकावर एक समदं घर व्हतं तिथं.

पद्मजा : आजी, आणि हे बाळ?

सोजरबाई : ही माझी सून, मैना. अन् ह्यो मच्छिंद्राचा ल्योक, बाप गेल्यावर झालेला. बापाच्या हातावर ह्याचा हात ठिवायला आलो व्हतो आज. रुसवा सोडून आले व्हते मी.

पद्मजा : सर, तुम्ही तर आम्हाला सांगितलंत, तो थर म्हणजे नुसती घाण.

अनंत : पद्मजा, पुरे.

सोजरबाई : काढलेलं कुठं हाय? देवाचं कवच आपसूक सुटलं तर वाजतगाजत संगमावर सोडत्यात. तू खरवडलंस, तर खरवडलंस. पर ठिवलं आसशील की कुठं.

अनंत : पोत्यात भरलं होतं.

सोजरबाई : पोतं कुठं हाय?

अनंत : घंटागाडीत दिलं.

सोजरबाई : कचऱ्यात.

अनंत : मला खरंच माहीत नव्हतं हो.

(बाळ किरकिरू लागतं.)

पद्मजा : आजी, हा एक तुकडा आहे. सरांनी सगळ्यांना बघायला फिरवला होता, तो माझ्याकडेच राहिला. घ्या. सॉरी आजी.

सोजरबाई : एवढाच व्हय. सायेब, हिकडं बघा. तुमाला दगडावरचं समदं वाचता येतंय. ह्यात माझ्या पोराचं बोट हाय का, सांगा.

अनंत : नाही सांगता येत.

सोजरबाई : नीट बघा की. उन्हात धरून बघा.

अनंत : नाही हो बाई. नुसता रंग आहे तो. मला नाही सांगता येत.

सोजरबाई : मग एवढा घोडा बघून काय मिळीवलं तुमी?

अनंत : मी काय करू, तेवढं सांगा. नवा शेंदूर आणतो. इथे बसून लावून देतो.

सोजरबाई : तुमच्या हातचा थेंब नगं त्याला. लई केलंत. एक करा. ह्या समद्यांना पाठी फिरवायला लावा. देव उघडा पडलाय आमचा, अन् तुमी त्याचं फोटू काढताय.

पद्मजा : ऐकलंत ना? मोबाईल खाली घ्या. प्लीज, सगळ्यांनीच.

अनंत : मंडळी, रस्त्याकडे तोंड करा. हो, तुम्हीसुद्धा. इकडे कुणी बघू नका.

सोजरबाई : तुमी बी फिरा.

अनंत : हो. फिरलो.

सोजरबाई : मैने, रडू नगं. शेंदराची वाटी हिकडं दे. तेल जास्ती झालंय, आसू दे. आण त्याला, मूठ सोडीव त्याची. हां. दाब रं राजा, भिऊ नगं. खाली कुणी न्हाई आता. तूच पयला.